आधी छेद, मग आराखडा: जुन्या शहरातील आलिशान सदनिकांविषयी

जुन्या शहराच्या मध्यभागी आलिशान सदनिकांचे काम निघते, तेव्हा पहिल्या बैठकीत टेबलावर पसरला जातो तो मजल्याचा आराखडा. शयनगृहे किती, स्नानगृहे किती, दिवाणखाना किती चौरस मीटरचा, स्वयंपाकघर उघडे की बंद, या प्रश्नांची उत्तरे आराखड्यात लगेच दिसतात आणि विक्रीच्या पत्रकातही तोच छापला जातो. या प्रकारची कामे करता करता मला मात्र एक सवय लागली आहे: मी आधी छेद काढते. इमारत वरपासून खालपर्यंत उभी कापली तर आत काय दिसेल, मजल्यांची उंची किती, खिडकीचा उंबरा जमिनीपासून किती वर, भिंत किती जाड, तुळया कुठे टेकल्या आहेत, समोरच्या इमारतीचे छप्पर आपल्या कोणत्या मजल्याच्या पातळीला येते, हे सगळे त्या एका चित्रात उघडे पडते. जुन्या शहरातल्या घराचे ऐश्वर्य या चित्रात ठरते, दगडी फरशी आणि नळांच्या निवडीत ते फारसे ठरत नाही, असे माझे ठाम मत आहे आणि आज त्याविषयीच सविस्तर लिहायचे आहे.

आलिशान शहरी घर म्हटले की ज्या पॅरिसच्या इमारती अनेकांच्या डोळ्यांसमोर येतात, त्या मुळात छेदाच्या नियमातूनच घडल्या आहेत. जॉर्ज-युजीन ओसमाँ १८५३ ते १८७० या काळात तिथला प्रशासक होता. त्याच्या कारकिर्दीत, १८५९ साली निघालेल्या फर्मानाने रस्त्याच्या रुंदीवरून दर्शनी भिंतीची उंची ठरवून दिली. रस्ता २० मीटर किंवा त्याहून रुंद असेल तर भिंत २० मीटरपर्यंत, रस्ता ९.७५ ते २० मीटरांच्या दरम्यान असेल तर १७.५५ मीटरपर्यंत, आणि वरचे छप्पर ४५ अंशांच्या तिरप्या रेषेच्या आत. या मापात मजले बसवताना तळाला दुकाने, त्यावर बुटका मधला मजला, मग दुसऱ्या मजल्यावर सर्वांत उंच छताची, सज्जा असलेली घरे, पाचव्या मजल्यावर दर्शनी भागभर धावणारा सलग सज्जा आणि छपराखाली नोकरांच्या लहान खोल्या, असा क्रम रूढ झाला. श्रीमंत कुटुंब दुसऱ्या मजल्यावर राहत असे, कारण त्यांना रस्त्याच्या धुळीपासून आणि गोंगाटापासून वर जायचे होते, पण पायऱ्या फार चढायच्या नव्हत्या.

पुढे लिफ्ट आली. एलिशा ओटिसने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दोर कापल्यावरही न कोसळणारा पाळणा लोकांना दाखवला, १८५७ साली त्याच शहरातल्या हॉगवाउट इमारतीत त्याची प्रवासी लिफ्ट बसली, आणि त्यानंतरच्या काही दशकांत मजल्यांच्या प्रतिष्ठेची उतरंड पार उलटी झाली. ज्या माळ्यावर नोकर झोपत, तो माळा आज उजेड, शांतता आणि छपरांपलीकडचे दृश्य यांमुळे हवाहवासा वाटतो. पण इमारतीचा छेद बदललेला नाही. उंच छत अजूनही दुसऱ्या मजल्यावरच आहे, आणि उजेड वर आहे. रचनाकाराने हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण जुन्या इमारतीत उंच छत आणि भरपूर उजेड या दोन गोष्टी एकाच मजल्यावर क्वचितच मिळतात. विकासकाला सहसा सर्व मजल्यांवर एकसारखी सदनिका हवी असते, केवळ किंमत वर चढत जाणारी. मला हे मान्य नाही. खालच्या मजल्यावरचे घर संध्याकाळचे, दिव्यांच्या उजेडातले, उंच आणि काहीसे गंभीर असावे, खोल्या मोठ्या आणि मोजक्या असाव्यात. वरच्या मजल्यावरचे घर बुटके पण उजळ असावे, तिरप्या छताखालची जागा पलंगासाठी, पुस्तकांसाठी, बैठकीसाठी वापरलेली असावी. दोन्ही घरे तितकीच आलिशान असू शकतात, मात्र त्यांचे आराखडे एकसारखे असू शकत नाहीत.

छेदाकडे दुर्लक्ष केले की काय होते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण म्हणजे केवळ दर्शनी भिंत राखून मागची सगळी इमारत पाडण्याची पद्धत. परवानगी देणाऱ्या यंत्रणेला जुना चेहरा हवा असतो, गुंतवणूकदाराला नवी जागा हवी असते, आणि मधला मार्ग म्हणून भिंतीला लोखंडी टेकू देऊन तिच्यामागे सिमेंट काँक्रीटचा नवा सांगाडा उभा केला जातो. जुन्या इमारतीत मजल्याची उंची साडेतीन-चार मीटर असते, नव्या सांगाड्यात ती तीन मीटरच्या आसपास आणली की त्याच उंचीत एखादा मजला जास्त निघतो. मग नव्या स्लॅबची कड जुन्या खिडकीच्या बरोबर मधून जाते. एका घरात खिडकीची कमान गुडघ्यापाशी येते, आणि खालच्या घरात खिडकीचा फक्त तळ दिसतो. रस्त्यावरून पाहताना रात्री दिवे लागले की काचेमागची ती आडवी काळी पट्टी स्पष्ट दिसते. मला अशा इमारतीसमोरून जाताना खरोखर वाईट वाटते, कारण जी खिडकी एका माणसाच्या उभ्या देहाच्या मापाने घडवली होती, ती आता कोणाच्याच मापाची उरलेली नसते.

१९६४ सालच्या व्हेनिस सनदेने स्मारकांच्या जतनाविषयी जी तत्त्वे मांडली, ती राहत्या इमारतींना जशीच्या तशी लागू करता येत नाहीत, परंतु तिच्यातील दोन गोष्टी मी प्रत्येक कामात जवळ बाळगते. जिथे अनुमान सुरू होते तिथे पुनर्स्थापन थांबले पाहिजे, ही पहिली. हरवलेल्या भागांच्या जागी जे नवे बसवायचे ते एकूण रचनेत सामावले पाहिजे, पण मुळापासून वेगळे ओळखूही आले पाहिजे, ही दुसरी. आलिशान घरांच्या बाजारात या दोन्हींविरुद्ध सतत दबाव असतो. छताच्या गिलाव्यावरची वेलबुट्टी अर्धी तुटलेली असेल, तर ग्राहकाला ती अख्खी हवी असते, आणि उरलेल्या अर्ध्या भागावर साचा घेऊन ती पूर्ण करता येत असेल तर त्यात गैर काही नाही, कारण तिथे अनुमान नाही. पण ज्या खोलीत कधीच वेलबुट्टी नव्हती, त्या खोलीत ती ‘जुन्या काळासारखी’ करून बसवणे म्हणजे इमारतीच्या तोंडी खोटे शब्द घालणे होय.

आता भिंतीकडे येते. जाड भिंत आराखड्यात जागा खाते, म्हणून ती पहिल्या बैठकीपासून सर्वांच्या डोळ्यांत खुपते. साठ-सत्तर सेंटिमीटरची दगडी किंवा विटांची भिंत बाहेरचा आवाज अडवते, दिवसाची उष्णता सावकाश आत येऊ देते आणि रात्री तितक्याच सावकाश सोडते, आणि खिडकीपाशी असा कोनाडा तयार करते की जिथे माणूस पाय वर घेऊन बसू शकतो. नव्या इमारतीत हे सारे विकत आणायला गेले तर ते फार महाग पडते, आणि इथे ते आधीच उभे असते. परंतु ही भिंत जिवंत वस्तूसारखी वागते, ती ओल शोषते आणि सोडते. चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या दरजा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे, सिमेंटने भरल्या तर पाणी त्या कठीण, घट्ट दरजांतून बाहेर पडू शकत नाही, मग ते दगडातून किंवा विटेतून वाट काढते, सोबत क्षार पृष्ठभागावर आणते, आणि हळूहळू दगडाचा चेहराच पापुद्र्यांनी सुटू लागतो. चुन्याची दरज मऊ असते, ती झिजते आणि काही दशकांनी पुन्हा भरावी लागते. दगड वाचावा म्हणून दरज झिजते, ही जुन्या गवंड्यांची समज होती.

माझ्या सुरुवातीच्या काळातील एका कामात मी हेच चुकवले होते. शयनगृहाची बाहेरची भिंत अगदी सपाट आणि गुळगुळीत दिसावी म्हणून आतून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर धुता येणारा रंग देण्याचा निर्णय माझाच होता. दोन वर्षांच्या आत जमिनीपासून हातभर उंचीवर लोणा फुटला, रंगाचे फुगे आले, आणि त्या महागड्या खोलीत पलंग भिंतीपासून लांब सरकवावा लागला. संपूर्ण गिलावा काढून, भिंतीला कित्येक महिने उघडी वाळू देऊन, पुन्हा चुन्याचा गिलावा करावा लागला. घरमालकांनी संयम ठेवला, त्याची जाणीव मला आजही आहे. तेव्हापासून मी कोणत्याही जुन्या भिंतीला हात लावण्यापूर्वी तिच्यातली ओल वेगवेगळ्या उंचीवर आणि वेगवेगळ्या ऋतूंत मोजून घेते, आणि तेवढा वेळ वेळापत्रकात मिळाला नाही तर काम स्वीकारत नाही.

थंड हवामानाच्या शहरांत याहून नाजूक प्रश्न असतो तो उष्णतारोधनाचा. दर्शनी भाग बदलता येत नाही म्हणून रोधनाचा थर आतून लावला जातो. त्यामुळे घर उबदार होते, पण जुनी भिंत आधीपेक्षा थंड पडते, आणि खोलीतली दमट हवा त्या थंड पृष्ठभागापर्यंत पोहोचली की तिथे पाणी सुटते. लाकडी तुळयांची टोके याच भिंतीत रुतलेली असतात. तुळईचे टोक कुजते तेव्हा वरून काहीही दिसत नाही, जमीन किंचित लवचीक वाटू लागते इतकेच. म्हणून आतून रोधन करायचेच असेल तर ते ओल शोषून परत सोडू शकणारे हवे, लाकडी तंतूंचे किंवा कॅल्शियम सिलिकेटचे, मध्ये पोकळी न ठेवता भिंतीला घट्ट चिकटवलेले, आणि जाडी हाव न धरता बेताची ठेवलेली. भिंतीचे रोधन थोडे कमी राहिले तरी चालते, छप्पर, खिडक्या आणि फटी यांतून निसटणारी उष्णता आधी अडवावी.

खिडक्यांच्या बाबतीत जुनी शहरेच आपल्याला उत्तर देतात. व्हिएन्नातल्या जुन्या घरांना पेटीसारखी दुहेरी खिडकी असते, बाहेर एक झडपांची जोडी, आत दुसरी, आणि मध्ये वितभर हवा. ही रचना एकोणिसाव्या शतकात थंडीसाठी झाली, पण आजच्या रहदारीच्या आवाजासाठी ती फार उपयोगी आहे, कारण दोन काचांमधले अंतर १०० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल तर आवाज लक्षणीय घटतो, आणि कारखान्यात बनलेल्या दुहेरी काचेतले पंधरा-वीस मिलिमीटरचे अंतर ते काम तितके करू शकत नाही. जिथे मूळ खिडकी एकेरी आहे तिथे तिची जुनी, किंचित लहरदार काच तशीच ठेवून आतल्या बाजूने दुसरी साधी खिडकी बसवावी. जाड भिंतीत तिला जागा आपोआप मिळते. बाहेरून काहीही बदललेले दिसत नाही, आणि आत रात्री अशी शांतता असते की भर शहरात आहोत याचा विसर पडतो. आलिशान घरातली सर्वांत महाग गोष्ट कोणती असे कोणी विचारले तर मी शांतता हेच उत्तर देईन.

ही शांतता खालच्या-वरच्या घरांमध्येही हवी, आणि तिथे लाकडी जमिनी अवघड जातात. वरच्या घरात कोणी चालले की तुळया ढोलासारख्या वाजतात. जुन्या कारागिरांनी तुळयांच्या मधल्या जागेत वाळू, राख किंवा माती भरून वजन वाढवले होते, आणि अनेकदा दुरुस्तीच्या वेळी ‘इमारतीवरचा भार कमी करू’ म्हणून हा भराव काढून टाकला जातो, मग आवाज दुप्पट झाल्यावर सगळे चकित होतात. भराव शक्यतो ठेवावा, त्यावर लवचीक थर देऊन नवी जमीन तरंगती बसवावी. अशा जमिनीला आठ-दहा सेंटिमीटर उंची लागते. ती उंची जिन्याच्या शेवटच्या पायरीला, दरवाजांना, खिडकीच्या उंबऱ्याला आणि भिंतीच्या पायथ्याच्या लाकडी पट्टीला द्यावी लागते. छेद आधी काढलेला नसेल तर हे सगळे जागेवर, घाईत आणि कुरूप रीतीने सोडवले जाते.

लिफ्ट, अग्निसुरक्षा, नळ आणि तारा यांविषयी पुष्कळ लिहिता येईल, परंतु त्यातला एकच मुद्दा इथे नोंदवते. छतावर नक्षी असलेल्या मोठ्या खोलीत स्नानगृह घालायची वेळ आली, तर खोली भिंतीने दुभागू नये. छतापर्यंत न पोहोचणारी, कपाटासारखी स्वतंत्र पेटी खोलीत उभी करावी, तिला तिचे स्वतःचे छत आणि हवा खेचणारी नळी द्यावी, आणि मूळ छत कडेपासून कडेपर्यंत अखंड दिसू द्यावे. पन्नास वर्षांनी कोणाला ती पेटी नको झाली तर ती काढून नेता येईल, आणि खोली जशी होती तशी परत मिळेल.

जुन्या वस्तीत रिकाम्या भूखंडावर पूर्ण नवी इमारत बांधायची असते, तेव्हा काम अधिक अवघड होते, कारण तिथे मार्ग दाखवणारी भिंतही नसते. या बाबतीत मी पुन्हा पुन्हा ज्या इमारतीकडे वळते, ती म्हणजे पॅरिसच्या फ्रँकलिन रस्त्यावरची ऑग्युस्त पेरे यांची १९०३-०४ सालची सदनिकांची इमारत. भूखंड उथळ होता, आणि उजेडासाठी मागे चौक सोडण्याची रीत पाळली असती तर घरांना जागाच उरली नसती. पेरे यांनी तो चौक मागून उचलून पुढे आणला, म्हणजे दर्शनी भागच आत वळवला, त्यामुळे प्रत्येक मजल्यावरच्या मुख्य खोल्या सगळ्या रस्त्याकडे आणि सेन नदीच्या दिशेच्या दृश्याकडे उघडल्या, आणि मागच्या जिन्याला काचेच्या विटांतून उजेड मिळाला. काँक्रीटचा सांगाडा त्यांनी लपवला नाही, त्यावर फरशा मढवल्या आणि सांगाड्यामधल्या पडद्या पानांच्या नक्षीच्या फरशांनी भरल्या. शेजारच्या दगडी इमारतींची नक्कल यात कुठेही नाही, तरी मजल्यांच्या रेषा, खिडक्यांची उभी मापे आणि पृष्ठभागावरचे बारीक काम यांमुळे ती इमारत रांगेत परकी वाटत नाही.

व्हेनिसमध्ये इग्नात्सिओ गार्देल्ला यांनी जुदेक्का कालव्यासमोर, एका चर्चला खेटून, १९५०च्या दशकात बांधलेले निवासी घर हेही असेच अभ्यासण्यासारखे आहे. खिडक्या उंच आणि अरुंद आहेत, त्या सरळ रांगेत नाहीत, किंचित मागेपुढे सरकलेल्या आहेत, जसे जुन्या व्हेनिसमध्ये शतकानुशतकांच्या फेरफारांनी आपोआप झाले आहे. त्याच सुमारास, १९५८ साली, मिलानमध्ये पूर्ण झालेल्या तोर्रे वेलास्का या मनोऱ्यात खाली कार्यालये आणि वर अधिक रुंद मजल्यांत घरे आहेत, आणि बाहेर झुकलेला तो माथा मध्ययुगीन बुरुजांची आठवण करून देतो. १९५९ साली नेदरलँड्समधल्या ओटर्लो येथे आधुनिक वास्तुरचनाकारांच्या परिषदेत त्या इमारतीवर कडाडून टीका झाली, इतिहासाकडे मागे वळल्याचा आरोप झाला. मला ती टीका अन्यायाची वाटते, कारण तिथे रुंद माथ्याला कारण आहे: घरांना कार्यालयांपेक्षा आतवर वेगळे अंतर आणि वेगळी जागा लागते, आणि ते कारण छेदात स्वच्छ दिसते. नुसते स्मरण म्हणून घेतलेला आकार आणि गरजेतून आलेला आकार यांतला फरक छेदात लगेच कळतो.

वापरातून गेलेल्या औद्योगिक इमारतींचे आलिशान घरांत रूपांतर हा सध्याचा आवडता मार्ग आहे, आणि त्याची सर्वांत प्रामाणिक आवृत्ती मला लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात दिसते. एकोणिसाव्या शतकातल्या गॅसच्या टाक्यांचे तीन ओतीव लोखंडी गोल सांगाडे सुटे करून, दुरुस्त करून, रीजंट कालव्याच्या काठी पुन्हा उभारले गेले, आणि विल्किन्सन आयर या वास्तुरचना संस्थेने त्यांच्या आत वेगवेगळ्या उंचीच्या तीन गोल इमारती बसवून २०१८ साली १४५ सदनिका पूर्ण केल्या. गोल आराखड्यात खोल्या पाचरीसारख्या होतात, आत अरुंद आणि बाहेर रुंद. पहिल्यांदा पाहताना ही अडचण वाटते, पण त्यातून घर खिडकीकडे उमलत जाते, अंधाऱ्या आतल्या टोकाला स्नानगृहे आणि कपाटे, आणि रुंद बाहेरच्या टोकाला राहण्याच्या खोल्या. व्हिएन्नातल्या १८९६ ते १८९९ दरम्यान बांधलेल्या चार गॅसटाक्या मात्र विटांच्या जाड भिंतींच्या आहेत, आणि २००१ पर्यंत झालेल्या त्यांच्या रूपांतरात चार वास्तुरचनाकारांना उजेड आत कसा आणायचा याची चार वेगवेगळी उत्तरे शोधावी लागली. सांगाडा आणि भिंत यांतला हा फरक मूळ वस्तू निवडतानाच ओळखला पाहिजे.

उंचीचा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही, कारण जुन्या शहरातल्या आलिशान घराच्या किमतीचा मोठा भाग दृश्याचा असतो. दृश्य मिळवण्यासाठी वर चढणारी इमारत तेच दृश्य इतरांसाठी बिघडवते. व्हिएन्नाचे ऐतिहासिक केंद्र २००१ साली जागतिक वारसा यादीत आले आणि २०१७ साली युनेस्कोने त्याला धोक्यातील वारशाच्या यादीत टाकले. त्याला मुख्यत्वे कारण ठरला हॉयमार्क्ट येथील प्रकल्प, ज्यात सुमारे ६६ मीटर उंचीच्या मनोऱ्यात आलिशान सदनिका योजल्या होत्या. बेलव्हेदेरे राजवाड्याच्या बागेतून दिसणारे शहराचे दृश्य बेर्नार्दो बेलोत्तो याने अठराव्या शतकात रंगवले होते, आणि त्याच दृश्यात हा मनोरा शिरणार होता. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलच्या भोवतालच्या उंचीवर १९३०च्या दशकापासून बंधने आहेत, आणि रिचमंड पार्कातल्या एका टेकडीवरून सुमारे १६ किलोमीटर अंतरावरच्या त्या घुमटाचे दृश्यही संरक्षित आहे. पॅरिसने २०२३ साली नव्या इमारतींसाठी ३७ मीटरची मर्यादा पुन्हा आणली. अशा बंधनांविषयी व्यवसायात तक्रारीचा सूर असतो, मी त्यात सामील होत नाही. ज्या घुमटाकडे पाहत बसता यावे म्हणून माणूस घर घेतो, तो घुमट दिसत राहण्याची हमी हीच या बंधनांनी दिलेली असते. शिवाय मोठे दृश्य नेहमी मोठ्या काचेतूनच यावे असे नाही. जाड भिंतीतल्या एका उभ्या खिडकीतून, कोनाड्यात बसून पाहिलेला घुमट छतापासून जमिनीपर्यंतच्या काचेतून पाहिलेल्या घुमटापेक्षा मला अधिक जवळचा वाटतो.

वर जाता येत नाही म्हणून खाली जाण्याचीही लाट येऊन गेली. लंडनमधल्या श्रीमंत वस्त्यांत घराखाली तळघरावर तळघर खोदून पोहण्याचे तलाव आणि चित्रपटगृहे केली जाऊ लागली, आणि २०१५ साली केन्सिंग्टन व चेल्सी विभागाने तळघर एका मजल्यापुरते मर्यादित केले. शेजारच्या घरांच्या पायांना, झाडांच्या मुळांना आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामाचा त्रास सोसणाऱ्या रस्त्याला याचा भार पडतो. अ‍ॅमस्टरडॅमसारख्या शहरात तर घरे लाकडी खुंटांवर उभी आहेत, एकट्या राजवाड्याखाली १३,६५९ खुंट आहेत. हे लाकूड पाण्याखाली असेपर्यंत टिकते, भूजलाची पातळी खाली गेली आणि त्याला हवा लागली की कुजू लागते. एका घराच्या तळघरासाठी पाणी उपसले तर शेजाऱ्याच्या पायाचे काय होईल, हे त्या घराच्या आराखड्यात कुठेच दिसत नाही. छेद शेजारच्या दोन्ही घरांसह काढला तरच ते दिसते.

शेवटी रस्त्याच्या पातळीला येते, कारण माझ्या मते इथेच या प्रकारची बहुतेक कामे हरतात. आलिशान इमारतीचा तळमजला सहसा वाहनांच्या मोठ्या दाराला, सुरक्षारक्षकाच्या काचेला, विजेच्या खोलीला आणि गुळगुळीत दगडी भिंतीला दिला जातो. पूर्वी जिथे वीस पावलांत चार दरवाजे होते, तिथे आता वीस पावले एकच बंद भिंत असते. न्यूयॉर्कच्या बाँड रस्त्यावर हर्झोग आणि द मेरॉन यांनी २००७ साली पूर्ण केलेल्या इमारतीत तळाची घरे वेगवेगळ्या दरवाजांनी थेट रस्त्यावर उघडतात, वरचा हिरव्या काचेचा सांगाडा त्या भागातल्या ओतीव लोखंडी दर्शनी भागांचे प्रमाण पुढे नेतो, आणि इतक्या महागड्या इमारतीतही पादचाऱ्याला आपण भिंतीशेजारून चाललो आहोत असे वाटत नाही. पॅरिसमधली सामारितेन ही जुनी भव्य दुकानाची इमारत २०२१ साली पुन्हा उघडली, तेव्हा एकाच संकुलात दुकाने, आलिशान हॉटेल, कार्यालये, पाळणाघर आणि सामाजिक गृहनिर्माणातली ९६ घरे होती. रिव्होली रस्त्याकडच्या तिच्या लहरदार काचेच्या दर्शनी भागावरून न्यायालयापर्यंत वाद गेला. त्या काचेविषयी माझे मत अजून पक्के झालेले नाही, पण पाळणाघराविषयी आहे. सकाळी मुले ने-आण करणारी माणसे ज्या दारातून येतात-जातात, त्या इमारतीचा रस्ता ओस पडत नाही.

ओस पडणे हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. व्हेनिसच्या ऐतिहासिक बेटांवर १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती, आणि २०२२ साली ही संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. याची कारणे अनेक आहेत, आणि एखाद्या वास्तुरचनाकाराच्या हातात त्यांतली फारच थोडी आहेत. परंतु जी घरे वर्षाचे दहा महिने बंद राहणार हे ठाऊक असूनही आपण रचतो, त्यांच्याविषयी काही करणे आपल्या हातात असते. मोठ्या सदनिका पुढे दोन घरांत विभागता येतील असा दुसरा जिना आणि दुसरी नळांची उभी रांग आजच ठेवता येते. तळमजल्यावर कायम वस्ती असणारी लहान घरे किंवा कामाच्या जागा ठेवण्याचा आग्रह धरता येतो, आणि विकासक ऐकत नसेल तर लेखी नोंदवता येतो.

म्हणून प्रत्येक कामात छेद पूर्ण झाल्यावर मी आणखी एक चित्र काढते. त्यात समोरची इमारत, मधला रस्ता आणि आपली इमारत असते, आणि वेळ रात्री नऊची. कोणत्या खिडकीत दिवा असेल, तो दिवा कोणाच्या छतावर पडेल, फुटपाथवरून चालणाऱ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला काय असेल, हे मी त्यात एकेक करून भरते. ज्या खिडकीत कोण असेल हे मला सांगता येत नाही, ती काळीच ठेवते. बैठकीत हे चित्र आराखड्याच्या शेजारी भिंतीवर लावले की लोक आधी आराखड्याकडे पाहतात, आणि मग बराच वेळ त्या काळ्या खिडक्या मोजत उभे राहतात.